संपर्क-लेखकाच्या रकान्यात

१४ जुलै, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. आमच्या ग्रंथपाल मॅडम कोणाचाही शुल्कमाफीचा अर्ज वाचताना चष्मा कपाळावर सरकवतात. मग त्यांचा 'काहून' ठरलेला असतो.

"संपर्क-लेखक म्हणून सरायचं नाव काहून टाकलं वं?"

"मार्गदर्शक आहेत, मॅडम. आदर म्हणून."

"काम तर तू केलं. सर आता दुसऱ्या विद्यापीठात गेले. आदर दाखवाचा तं चहा पाज त्यायले."

ग्रंथालयाचा प्रकाशकाशी करार आहे. संपर्क-लेखक, म्हणजे प्रकाशकाशी पत्रव्यवहार करणारा लेखक, आमच्या विद्यापीठाचा असेल, तरच लेख छापण्याचे शुल्क माफ होते आणि लेख सर्वांना मोफत वाचता येतो. बोंडअळीवरील माझा लेख दारव्ह्याच्या कृषी सहायकांनी वाचावा, यासाठीच मी तो लिहिला होता.

एरवी मॅडम सगळ्यांचे फोन स्वतःच लावतात. आज त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला आणि शेजारी बसून राहिल्या.

मी सरांना कारण सांगितले. "बदल," एवढेच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी डोळे पुसले.

"रडणं-बिडणं मंग," मॅडम म्हणाल्या. "आधी टाइप कर."

मी माझे नाव भरले. देय शुल्क: शून्य.