मँचेस्टरच्या काचेखाली न लागलेली सहा नाणी

राग शांत झाल्यावर लिही, असं मैत्रीण म्हणाली. तो काही होत नाहीये, म्हणून आजच लिहिते.

मँचेस्टरच्या एका नाणेमेळ्यात दर नोव्हेंबरला हौशी संग्राहकांसाठी एक टेबल असतं. अमेरिकन नाण्यांचा आपला लाडका काळ निवडायचा, त्यातली सहा नाणी घेऊन जायची. तिथल्या मंडळींना पटली तर ती दिवसभर काचेखाली लागतात आणि खाली आपलं नाव. अमेरिकेत प्रोजेक्टवर होते तेव्हापासून मी जमवतेय. यंदा सहावं नाणं मिळालं आणि ठरवलं, जायचंच.

आमच्यासारखे लंडनजवळ राहत असाल तर वॉटफर्ड जंक्शनहून सकाळची थेट गाडी घ्या. तिकीट आधी काढा, ऐनवेळी खिसा कापला जातो. नवरा, अमोल, बरोबर होता आणि नाण्यांची पेटी त्याच्या मांडीवर. मिल्टन कीन्स स्टेशन येईपर्यंत सासूबाईंनी दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या मी एकटीनेच संपवल्या. एरवी तोंड न मिटणारा माणूस खिडकीबाहेर बघत बसला होता. झोप झाली नसेल, असं मला वाटलं.

मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनहून ट्रामने दोन स्टॉप, मग समोरच हॉटेलचा हॉल. दारातच दोन म्हातारे हमरीतुमरीवर आलेले. एकाला काउबॉइजच्या काळातले जाडजूड चांदीचे डॉलर प्रिय, दुसऱ्याला त्याआधीचे तांब्याचे मोठे सेंट. शेजारी एक बाई नातवासाठी पन्नास राज्यांची नवी क्वार्टर्स, म्हणजे पाव डॉलरची नाणी, शोधत होती. माझा काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तेव्हा अमेरिकेने चक्क शिल्पकारांकडून नाणी घडवून घेतली. पंखांची टोपी घातलेला चेहरा असलेली दहा सेंटची चांदीची डाइम, अर्ध्या डॉलरवर उगवत्या सूर्याकडे चालत निघालेली लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवी. खर्चायला मन होऊ नये अशी नाणी!

मी पेटी उघडली. आत नव्या स्टीलच्या वाट्यांसारखा लखलखाट. टेबलामागच्या आजोबांनी भिंग हातात घेतलंसुद्धा नाही.

"सॉरी लव्ह, दीज हॅव बीन क्लीन्ड."

नाणी न जमवणाऱ्यांसाठी सांगते. जुन्या चांदीवर वर्षानुवर्षं चढलेली काळसर झाक हाच संग्राहकाचा जीव की प्राण. ती घासली की गेली, पुन्हा येत नाही. चांदीची नाणी चिंच लावून कोण घासतं, केव्हा घासतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लक्ष्मीपूजनाला ऑफिसचं काम संपेना म्हणून मी घरी उशिरा पोचले होते, तोवर चांदीची नाणी मांडून पूजा उरकली होती, आणि त्यानंतर मी पेटी उघडलीच नव्हती. मी अमोलकडे वळले.

"आईने धुतली," तो म्हणाला. "मी कामावरून आलो तोवर चार धुऊन झाली होती."

"आणि उरलेली दोन?"

"सणाचा दिवस होता गं. तिला वाईट वाटलं असतं."

म्हणजे हा माणूस दारात उभा राहून बघत होता, आठवडाभर गप्प बसला आणि पेटी मांडीवर घेऊन मँचेस्टरपर्यंत आला! स्टेशनबाहेर फिश अँड चिप्स खाल्ले, चांगले होते, व्हिनेगर जरा जास्तच. परतीच्या गाडीत पेटी मी माझ्या मांडीवर घेतली.

घरी दार उघडता उघडता सासूबाईंनी विचारलं, लावली का काचेत? चारचौघांत सुनेची नाणी काळी दिसू नयेत म्हणून बोटं दुखेपर्यंत घासली होती त्यांनी. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. आवाज चढला होता, नाही म्हणत नाही. त्या खुर्चीत बसल्या. मग लेकाकडे वळल्या.

"तुला ठाऊक होतं? मग एक शब्द बोलायचास. दोन तरी वाचली असती."

"अगं, तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. त्याने मी मरणार होते का?"

मेळा छान आहे, जरूर जा. निघण्याआधी पेटी मात्र स्वतः उघडून बघा आणि स्वतःच उचला. सासूबाईंवरचा राग त्याच संध्याकाळी ओसरला. अमोलवरचा सगळा शिल्लक आहे, आणि आता त्याच्यावर रागवायला घरात आम्ही दोघी आहोत.