आमच्या तीन मंडळांचा युरोप

रायपूर राजधानी झालं आणि आमच्या गावाच्या अंगातच आलं. शिंप्याच्या दुकानावर 'राजधानी' लागलं, चाटच्या ठेल्यावर 'राजधानी' लागलं, आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानंही नवी पाटी रंगवून घेतली. मग मराठी लोकांनीच काय घोडं मारलं होतं? आम्ही महासंघ काढला.

तोवर शहरात आमची तीन मंडळं होती आणि तिघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. बूढापाऱ्यातलं मंडळ मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेल्या जुन्या घरांचं. त्यांच्या लेखी बाकीचे आम्ही सगळे काल-परवा आलेले. दुसरं रेल्वेवाल्यांचं, म्हणजे आमचं. आमचे बाबा नागपुराहून बदलीवर आले आणि इथलेच होऊन गेले. तिसरं सिलतऱ्याच्या कारखान्यांतल्या इंजिनिअरांचं. ते पुण्याकडचे, आमचं मराठी ऐकून त्यांना हसू यायचं. अनुदान मागायला गेलेल्या तिघांनाही नव्या राजधानीतल्या एका साहेबानं एकच सांगितलं होतं, "भई, एक होके आओ, फिर बात करेंगे." तर एक होणं भाग पडलं.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते आणि नेमका तेव्हा युरोपातल्या देशांचा संघ हा धडा चालू होता. ज्याचा त्याचा झेंडा, ज्याचं त्याचं सरकार, आणि वर सगळ्यांचे मिळून नियम. पहिल्या बाकावरचा एक पोट्टा रोज विचारायचा, "मॅडम, सब अपने-अपने मालिक हैं, तो फिर मालिक कौन है?" मला धड उत्तर येत नसे, म्हणून मी जास्त मोठ्या आवाजात शिकवत असे.

महासंघाचे नियम लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मी तर हवेतच! युरोप डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं: प्रत्येक मंडळाचा गणपती वेगळा, आरती वेगळी, सदस्य वेगळे. आपला प्रतिनिधी ज्याचा त्यानं निवडावा, त्यात दुसऱ्यानं पडू नये. सामायिक गोष्टीला मात्र तिघांचीही संमती लागेल. आणि शेवटी, जेवणानंतर पान द्यावं तसं एक सुरेख वाक्य ठेवून दिलं: 'मराठी संस्कार जपणं हे आपलं सामायिक मूल्य राहील.' त्या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. अर्थ कोणी विचारला नाही, मीही सांगितला नाही.

पहिले काही महिने मोठी मजा आली. बूढापारा मंडळाचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त वकील, सगळे त्यांना काका म्हणत. महासंघाच्या बैठकाही तेच चालवत. कोणी काही सुचवलं की काका टेबलावर बोट आपटून म्हणत, "आमच्या अंतर्गत बाबीत नाक खुपसायचं नाही!" सिलतऱ्यावाले म्हणाले, आरतीची वेळ एक ठेवू. अंतर्गत बाब! आम्ही म्हटलं, महाप्रसाद एकत्र करू. अंतर्गत बाब! मग आमचे रेल्वेवाले हात जोडून म्हणत, "अहो काका, मूल्यं तर सामायिक आहेत ना?"

अशातच आमच्या मंडळाच्या प्रतिनिधीची निवड आली आणि बायांनी एका आवाजात माझ्या वहिनीला निवडलं.

वहिनी दुर्गजवळच्या गावातली, छत्तीसगढी. दादाच्या ऑफिसात होती, तिथंच दोघांचं जमलं. लग्न होऊन आली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. आईच्या पाठी-पाठी फिरून शिकली, भांडणंसुद्धा मराठीतच शिकली. आई गेली, पण आईचं नागपुरी 'मले', 'तुले', 'का गं'च्या जागी 'काहून व' हे सगळं वहिनीच्या तोंडी राहिलं. माझा सख्खा मुलगा मला 'हाँ मम्मी' म्हणतो आणि आईसारखी हाक ऐकायची तर मला वहिनीकडे जावं लागतं. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, पण आहे ते असं आहे.

निवड झाली त्या दिवशी तिनं माहेरी फोन केला आणि अर्धा तास बोलली. मग मला म्हणाली, "ताई, आजवर मले लोक 'त्यांची छत्तीसगढी सून' म्हणत. आता त्यांच्याकडून मी बोलणार." ती इतकी खूश झालेली मी दादाच्या लग्नातही पाहिली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात काकांचा निरोप आला. प्रतिनिधी मराठीच हवा, नाहीतर सामायिक मूल्याचा भंग होतो.

आणि काय सांगू! जे काका इतके महिने 'अंतर्गत बाब' म्हणून बोट आपटत होते, ते आता 'सामायिक मूल्य, सामायिक मूल्य' म्हणू लागले. आणि आमचे मूल्यवाले रेल्वेचे लोक बाह्या सरसावून ओरडू लागले, "आमच्या अंतर्गत बाबीत नाक खुपसायचं नाही!" एका रात्रीत दोन्ही बाजूंनी कपडे बदलले. शिक्षिका म्हणून मला हसू आवरेना, नणंद म्हणून माझं डोकं फिरलं.

बूढापाऱ्यातल्या हॉलमध्ये बैठक बसली. वहिनी इस्त्रीची साडी नेसून माझ्या शेजारी ताठ बसली होती. मुद्दा एकच होता, मराठी संस्कार म्हणजे काय?

एक जण म्हणाले, भाषा. तेवढ्यात त्यांचीच नात दारातून ओरडली, "दादाजी, गाड़ी हटाओ, पापा को निकलना है!" सगळे खाली बघू लागले. दुसरे म्हणाले, पुरणपोळी. त्यावर पुरण हरभऱ्याच्या डाळीचं की तुरीच्या, यावरून सिलतरा आणि बूढापारा असे काही भिडले की पंधरा मिनिटं आवरेनात. कोणी नऊवारी म्हटलं, तर बाया फसकन हसल्या, एकीच्याही घरात नव्हती. संस्कार सापडेना, चहा मात्र दोनदा झाला.

वहिनी हसत नव्हती. तिच्याच समोर तिचं माप घेणं चाललं होतं आणि ती मांडीवर हात ठेवून ऐकत होती. मला ते बघवेना. मी उठले आणि माझ्या मते मोठा मुत्सद्दीपणा केला.

"ते वाक्यच काढून टाकू," मी म्हटलं. "वाक्य नाही, तर भंग नाही. प्रतिनिधीचा प्रश्न आपोआप मिटला."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. सिलतऱ्यावाल्यांनी मान डोलावली. काकाही दमले होते, म्हणाले, "ठीक आहे, खोडा."

"काहून खोडता?"

वहिनी उभी राहिली होती.

"ताई, मी आत यावी म्हणून तुम्ही दारच काढून टाकता काय? ते वाक्य मले पाहिजे. सासूबाईंनी मले जे शिकवलं ते मी इतकी वर्षं जपून राहिली. गौरी बसवते, पोट्ट्यांना मराठीत दटावते. तुम्ही खोडून टाकाल, तर मी जपलं ते काय होतं मग?"

मग ती काकांकडे वळली. आवाज चढवला नाही, उलट जरा हसलीच.

"आणि काका, तुमचे पूर्वज इकडे आले, तेव्हा आमच्या लोकांनी विचारलं नाही, तुम्ही छत्तीसगढी किती आहा म्हणून. ते तर राज्य करायला आले होते! मी तर फक्त बैठकीला आली."

आधी मागच्या रांगेतल्या बाया हसल्या, मग सिलतऱ्यावाले. काकांचा चेहरा लाल झाला. आता बोट आपटतात की काय, अशी मला धास्ती पडली. पण काका होते मूळचे वकील. समोरच्यानं चांगला मुद्दा मांडला की त्यांना राहवत नसे. त्यांच्या मिश्या हलल्या, खांदे हलले आणि ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

चष्मा परत चढवून ते सरळ बसले. "कामकाज नियमानं होईल," ते म्हणाले. "वाक्य काढून टाकावं असा प्रस्ताव आहे. तिघांचीही संमती लागेल. बूढापारा, संमती. सिलतरा?"

"संमती."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आमच्या मंडळाच्या अध्यक्षांकडेही नाही. वहिनीकडे पाहिलं आणि कोर्टात विचारावं तशा अदबीनं विचारलं, "रेल्वे मंडळाचे प्रतिनिधी, आपलं मत?"

वहिनीला क्षणभर कळलंच नाही की हे तिला विचारलंय. मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं पदर नीट केला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि खणखणीत आवाजात माझा प्रस्ताव पाडला.

"विरोधात."