कवेत मावेल तेवढा पंजा

बोकडाला हत्तीची सोंड बसवली तर तो हत्तीचं काम करील, असं माझ्या तरुण डोक्यात कुणी भरवलं होतं कोण जाणे. आमच्या इवल्याशा ट्रॅक्टरला मी वर्कशॉपातला सगळ्यांत मोठा लोखंडी पंजा बसवून आणला आणि वाळूजच्या माळावर, ठेकेदाराच्या देखत, त्या बिचाऱ्याला शीर्षासन घालायला लावलं. नातवंडं विचारतात, आजी, तू खरंच ट्रॅक्टर चालवायचीस? मी सांगते, चालवायचे, आणि मनात आलं तर उभासुद्धा करायचे.

ट्रॅक्टर कौसाक्काचा होता. कौसाक्का आमची शेजारीण; उंच, काटक, आवाज तीन गल्ल्यांना पुरेल एवढा. कुठलीही वस्तू घेण्याआधी ती तिला कव घालून बघायची. रांजण असो, शेळी असो की लोखंडी पेटी. दुकानदार तोंडाकडे बघत राहायचा आणि ही डोळे मिटून अंदाज घ्यायची. माझी तिची ओळखही तशीच झाली. फुलंब्रीहून लग्न होऊन मी नुकतीच औरंगाबादेत आले होते. नळावर भरलेला हंडा काही केल्या उचलेना. मागून दोन हात आले, मला हंड्यासकट उचललं आणि परत खाली ठेवलं. "लई हलकी हायस गं. हंडा बारका घे," एवढं बोलून ती गेलीसुद्धा.

या सवयीचं कारण तिनं मला एकदाच सांगितलं, तेही हसत. विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या दंगलीत गावातलं तिचं घर पेटवलं होतं. दोन पोरं आणि एक पातेलं घेऊन ती शहराच्या वाटेला लागली. "कवेत मावलं ते माझं," ती म्हणाली, "बाकीचं जळालं."

पुढे तिच्या नवऱ्याला वाळूजच्या एका कारखान्यात काम लागलं. कौसाक्का पाट्या वाहायची. पण वाळूजला तेव्हा बघावं तिकडे नव्या शेडी उगवत होत्या आणि प्रत्येक प्लॉटवर वेड्या बाभळींचं रान! तिच्या डोक्यात चक्र फिरलं. पुढं उचलायचे दोन हात असलेला एक जुना, बुटका ट्रॅक्टर दोघांनी मिळवला, ती तो शिकली आणि मलाही शिकवला. माझ्या सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला. मला तर वाटायचं, मी विमानच चालवतेय.

तोडलेल्या बाभळींचे काटे उचलायला आता फक्त पंजा हवा होता. एक ठेकेदार तयार झाला. एक प्लॉट साफ करून दाखवा, मग ओळीतले सगळे तुमचे. नाही जमलं तर मोठं मशीन आणतो. कौसाक्काच्या स्वतःच्या नावावरचं ते पहिलं काम. पाट्या सुटणार होत्या त्या यावर. त्यातच नामांतराच्या मोर्चाला तिला जायचं होतं. जाताना बजावून गेली, वर्कशॉपातल्या सलीमभाईकडनं पंजा आण. चाकापासून चाकापर्यंत, त्याच्यापुढं टीचभरबी नाय.

मी मान हलवली. त्या वयात माझी मान एकीकडे हलायची आणि कान दुसरीकडे असायचे. सलीमभाईंनी बरोबर मापाचा पंजा काढून ठेवला होता. माझी नजर मात्र मागच्या त्या अवाढव्य, लालभडक पंजावर गेली आणि तिथंच अडकली. "भाभी, वो बड़े गाडी का है. तुम्हारा छोटू रो देंगा," ते म्हणाले. मी म्हटलं, मोठा हात, मोठं काम. त्यांनी कपाळाला हात लावला आणि बसवून दिला.

प्लॉटवर पोचेपर्यंतच ट्रॅक्टर नाक घासत चालला होता. मला ते डौलदार वाटलं! काट्यांच्या ढिगात पंजा घातला, त्याचा वरचा जबडा मिटला, उचलायचा दांडा ओढला. ढीग तसूभर हलला नाही. मागची चाकं मात्र आभाळात गेली आणि मी स्टिअरिंगला लोंबकळत आईला हाका मारू लागले. धाडकन खाली आलो. ठेकेदार डोळे पुसेपर्यंत हसला आणि मग म्हणाला, उद्या दिवस मावळेपर्यंत बघतो, मग मशीन.

संध्याकाळी कौसाक्का आली, घोषणा देऊन घसा बसलेला. आता मार खाणार, असं धरून मी उभी. तिनं पंजाला कव घातली. टोकं काही हाताला लागेनात.

"गोदे, मोळी बांधायला साखळदंड नेतीस का?"

"नाय."

"मग? पंजाचं वजनबी ह्यालाच उचलायचंय. सगळा जोर पंजातच गेल्यावर काटे कोन उचलील?"

सकाळी सलीमभाईंनी दुकान उघडलं तेव्हा आम्ही दारातच. त्यांनी हसत लहान पंजा पुढं केला. "मालूम था. बाजू को रखा था." मागं दगडांनी भरलेला ड्रम लटकवला, म्हणजे चाकं जमीन सोडणार नाहीत. आणि मग काय सांगू! पंजा बरोबर चाकांच्या रुंदीचा, त्यामुळे पुढचे सगळे काटे तोच गोळा करी, टायरखाली एक येईना. कौसाक्का गियर टाकी, मी पुढं पळत आरोळ्या देई. उन्हं कलली तेव्हा प्लॉट अंगणासारखा झाला होता. ठेकेदार या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला, पायानं माती उकरून बघितली आणि म्हणाला, उद्या शेजारच्या प्लॉटवर या. कौसाक्कानं आनंदानं बॉनेटलाच कव घातली आणि चटका बसून शिव्या घालत मागं उडी मारली.

त्यानंतर मी साधं मोठं पातेलं घेतलं तरी ती विचारायची, "शीर्षासन का गं?"

मोर्च्यांना मात्र मी कधी गेले नाही. सासरी तो विषयच नको होता, आणि मी इतकी शूर, की वर्षानुवर्षं तिचे मोर्चे उंबऱ्यातून बघितले. शेवटी नामांतर झालं, आणि तिनं मला हाताला धरून विद्यापीठाच्या कमानीपाशी नेलं. माणसांचा नुसता पूर. तिच्या गालांवर निळा रंग, केस पिकलेले. कमानीसमोर तिनं दोन्ही हात पसरले. मी चार पावलं मागं, कडेला उभी. खोडी काढल्याशिवाय राहवेना म्हणून विचारलं, "कौसाक्का, मावतंय का कवेत?"

हात तसेच पसरलेले ठेवून ती वळली.

"नाय मावत, गोदे. म्हनून तर येवढी मान्सं लागली. तिथं कामून उभी? इकडं ये, हात धर."