खुर्चीवरचे अण्णा

तोरणमाळच्या वाटेवर दवाखाना झाला नाही, त्याला जबाबदार अण्णा. आमच्या तालुका लोकल बोर्डाचे अध्यक्ष आणि माझे सख्खे काका, दगाजी अण्णा. मॅट्रिकच्या आधीच शाळा सोडून मी त्यांच्या कचेरीत कारकुनी करत होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. अण्णांचे किस्से गावात ढिगाने आहेत आणि लोक ते हसत सांगतात. हसण्यातच त्यांचं सगळं खपून गेलं.

*

अण्णा एकदा मुंबईला असेंब्ली बघून आले. येताना पितळी घंटा आणली आणि एक वाक्य: "सभापतीले पक्ष नसस."

जेवतानाही काकूंना म्हणाले, "एका टाइमले एकच मुद्दा."

"मंग आधी मीठ आना," काकू म्हणाल्या. "तोच मुद्दा शे."

*

पक्ष नाही म्हणून मेंबरांच्या घरचा चहा त्यांनी बंद केला. चहाने माणूस मिंधा होतो म्हणे. त्याच मेंबरांकडून दुधाच्या चरव्या मात्र रोज आमच्या मागच्या दाराने येत राहिल्या.

*

त्यांचा जावईही मेंबर. तो बोलायला उठला की अण्णांचा डोळा लागायचा. दुसरं कोणी उठलं की लगेच घंटा. म्हातारपण असेल, असं सगळे म्हणत. मी एकदा मुद्दाम जवळ जाऊन पाहिलं. डोळे मिटलेले, अंगठा घंटेवर तयार.

*

दित्या पावरा हा डोंगरातला एकटाच मेंबर. तो पावरीत बोलू लागला तशी घंटा वाजली. "सभामा मराठीच बोलनं पडी!"

दित्याभाऊ शांतपणे म्हणाला, "हेच आपण मराठीत सांगा, अध्यक्षसाहेब."

*

निवडणुकीच्या आधी होळीला अण्णा दित्याभाऊच्या अंगणात पोटभर जेवले. हात धुताना म्हणाले, "दवाखाना व्हई. मन्हं मत तुलेच." दित्याभाऊने आपलं एकुलतं सपाट शेत दवाखान्याच्या जागेसाठी मोकळं ठेवलं. पाऊस आला तरी पेरलं नाही.

ऐन पावसाळ्यात ठराव आला. सकाळीच हो म्हणालेला जावई हात वर करायच्या वेळी पान थुंकायला बाहेर गेला. जावई पान खायचा नाही.

मतं समसमान पडली. आता निर्णायक मत अध्यक्षांचं. अण्णांनी घंटा वाजवली. "नामंजूर."

दित्याभाऊ उठला. "अण्णा, होळीला माझ्या अंगणात काय म्हणाला होता?"

"ते दगाजी बोलना व्हता," अण्णा म्हणाले. "आठे अध्यक्ष बशेल शे."

त्या साली दित्याभाऊचं शेत पडीक राहिलं.