टेपवाला आला

हमीदभाई वस्तीत शिरले की आधी कुत्री गप्प व्हायची आणि मग दारं लागायची. मीठमसाला लावायला मला आवडतं, मंडळी, पण इथं त्याची गरज नाही. दौलताबादमागच्या डोंगरात हे मी स्वतः पाहिलंय. कुणीतरी ओरडायचं, "टेपवाला आला! म्हातारी आत घ्या!" आणि ओट्यावर ऊन खात बसलेली म्हातारी पाऊस आल्यावर वाळवण उचलावं तशी आत उचलली जायची.

शहागंजात त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान, शेजारी आमचं कापडाचं. रविवारी कुलूप घालून ते खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवत आणि डोंगर चढत. डब्यातल्या नान-खलियाच्या वासानं मीही मागोमाग.

अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत त्यांची आई, जैबुन, तान्ह्या हमीदला घेऊन हा डोंगर ओलांडून शहरात भावाकडे आली आणि थोड्याच दिवसांत तापानं गेली. तिचा फोटो नाही, आठवण नाही. म्हणून हमीदभाई वस्तीवस्तीतल्या म्हाताऱ्यांसमोर टेप ठेवून विचारत, "जैबुनला कुणी पाहिलं होतं का?" मला म्हणत, "आदमी भूल जाता मियाँ, टेप नईं भूलता."

घोटाळा असा की ते पिकल्या पानांनाच गाठायचे, आणि पिकली पानं जे करतात तेच ती करायची. एक गेला, दुसरी गेली. तिसरा तर टेपपुढं बोलला आणि त्याच आठवड्यात आटोपला. डोंगरभर बोभाटा झाला, हा आवाज भरून नेतो आणि मागं रिकामं माणूस ठेवतो.

मी चिडवायचो, "हमीदभाई, रेडा कुठं बांधला?"

"शहागंज में जगा नईं मिली, पैदल आया."

मग कळलं की जैबुनला वाट दाखवायला तिची मैत्रीण गंगू सोबत गेली होती आणि ती अजून जिवंत आहे. आम्ही गेलो तेव्हा गंगूआजींचा नातू महादू कुऱ्हाड घेऊन दारात उभा.

"भाई, पाया पडतो, माघारी जा. आमची आजी आम्हाला लई दिस पायजे."

हमीदभाईंनी त्या दिवशी विनोद केला नाही. "दादा, मला माझी आई पायजे."

वारा पडला होता. आतून आवाज आला, "येऊ दे त्याला." आजी टेपपुढं बसल्या आणि म्हणाल्या, "आधी तू बोल. मग मी बोलते."

इतके आवाज भरले, पण स्वतःचा त्यांनी कधी भरला नव्हता. बोट लाल बटणावर अडलं. वस्तीच्या भीतीला हसणाऱ्या त्या माणसाच्या कपाळावर घाम मी पाहिला. शेवटी बटण दाबून ते बोलले. नाव, दुकान, बायको कशी रागावते, काहीबाही.

आजी डोळे मिटून ऐकत होत्या. मग बोलू लागल्या.

"वर चढलो तवा खाली मानसं भाले घिऊन फिरत व्हती. तू रडाया लागला. जैबुननं पदराचा बोळा तुझ्या तोंडावर दाबला. तू निळा पडला. मला वाटलं, गेलं लेकरू. ती पदर काढंना, आन् मी बी काढ म्हनंना." टेप नुसताच फिरत राहिला. "तवा तुला आम्ही दोघींनी गप केलं. म्हून आज म्हनलं, आधी तू बोल."

उतरताना हमीदभाईंनी टेप खांद्याला न अडकवता छातीशी धरला. पायथ्याशी एवढंच म्हणाले, "मुँह दबाया, इसलिए जिया मियाँ."

पावसाळ्याच्या आत, समोर रेडिओ उघडा असतानाच, ते बसल्या जागी गेले. डोंगरात कुणाला नवल वाटलं नाही. टेपपुढं आधी कोण बोललं होतं, सांगा!

त्यांचं चाळिसावं झाल्यावर टेप घेऊन मी एकटा चढलो. माझ्यासाठीही दारं धडाधड लागली. गंगूआजी मात्र ओट्यावरून हलल्या नाहीत. मी बटण दाबलं. "माझं नाव हमीद. आईचं नाव जैबुन..."

महादूचा चेहरा उतरला. "बंद करा! मेलेलं मानूस बोलतंय!"

आजींनी त्याच्याकडं न बघताच हात वर केला.

"गप रं. बोलू दे लेकराला."