नवव्या पानावरची सही

डॉक्टरांचं अक्षर लावणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. नव्वदच्या दशकात मी अमिरातीतल्या अल ऐनमधल्या एका हॉस्पिटलात मेडिकल रेकॉर्ड्सला होते. तळघरातल्या त्या खोलीत छतापर्यंत फायली होत्या, आणि कुणी काय खरडलंय हे कुणालाच लागलं नाही की फाईल माझ्या टेबलावर यायची. इजिप्शियन, सुदानी, केरळी, पाकिस्तानी, सगळ्या डॉक्टरांच्या सह्या मला पाठ होत्या. त्यात जादू काही नव्हती. सही करताना माणूस पेन कुठे उचलतो आणि कुठे उचलत नाही, एवढंच बघायचं असतं.

मुलांच्या विभागात एक जर्मन डॉक्टर होत्या. एकदा त्या आमच्या टेबलावरच्या फोनवरून जर्मनमध्ये कुणाला तरी सांगत होत्या की या रेकॉर्डरूममधल्या बायका फायलींपेक्षा गप्पाच जास्त शोधतात. मला हसू आवरलं नाही. पुण्यात कॉलेजात असताना मी हौसेनं जर्मन शिकले होते, चार परीक्षाही दिल्या होत्या, आणि लग्न होऊन इकडे आल्यावर ते सगळं गंजत पडलं होतं. डॉक्टर आधी ओशाळल्या, मग त्यांनी मला बरंच काही विचारलं, आणि आठवड्याभरानं एक विनंती केली. त्यांची आई जर्मनीहून कायमची त्यांच्याकडे राहायला आली होती. डोळ्यांनी वाचता येत नव्हतं. शुक्रवारी तासभर येऊन मी तिला वाचून दाखवेन का?

मला वाटलं, वर्तमानपत्रं असतील, फार तर कादंबऱ्या.

आजी ऐंशीच्या जवळ आल्या होत्या. तोंडावर मी त्यांना त्यांच्या रीतीप्रमाणे आडनावानं हाक मारायचे, पण मनात कायम आजीच म्हटलं. पाठ ताठ, केस पांढरेशुभ्र आणि बारीक कापलेले. नजरेच्या मधोमध त्यांना काही दिसत नसे, कडेचं तेवढं दिसे, म्हणून समोरच्या माणसाकडे बघायचं तर त्या मान तिरकी करायच्या. त्यांनी मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि कपाटातून बुटांचे चार खोके आणून ठेवले. खोक्यांत तळहाताएवढी पुस्तकं होती, शाळेच्या वह्यांना घालतो तशी खाकी कव्हरं घातलेली.

"कव्हर काढू नका," त्या म्हणाल्या. "आत त्यांचा गरुड आहे आणि त्याच्या पायात ते चिन्ह. मला तो बघायचा नसतो."

ती जर्मन सैनिकांची पुस्तकं होती, दुसऱ्या महायुद्धातली. पगारपुस्तक असं त्यांचं नाव, पण ओळखपत्रही तेच. प्रत्येक शिपायानं ते छातीच्या खिशात कायम बाळगायचं. मी पहिलं उघडलं. फोटोत विशीतला एक मुलगा, कान किंचित बाहेर आलेले. नाव, जन्मगाव, व्यवसाय सुतार. बांधा सडपातळ, चेहरा लांबट, डोळे करडे, बुटाचा नंबर. पुढे आईचा पत्ता. त्याला किती शर्ट दिले, किती मोजे, कुठली बंदूक, गॅसच्या मुखवट्याचं माप, चष्मा आहे की नाही, कुठल्या इस्पितळात किती दिवस. मागच्या कप्प्यात घडी घातलेला एक कागद होता. मी उलगडून वाचला, तर या इसमाच्या अंगावर उवा नाहीत असा दाखला.

रोज शेकडो फायली हाताळणारी बाई मी, पण एका माणसाचं इतकं सगळं कुणीतरी लिहून ठेवलंय आणि तो स्वतः त्यातून निसटलाय, हे मी याआधी कधी हातात धरलं नव्हतं. कागदाला अजून घामाचा पिवळटपणा होता.

आजींना यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. "नववं पान," त्या म्हणाल्या. "फक्त नववं पान वाचा."

नवव्या पानावर लसींच्या नोंदी असतात. देवी, विषमज्वर, हगवण, पटकी. प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि टोचणाऱ्या डॉक्टरची सही.

आजींचा मोठा भाऊ डॉक्टर होता. शिक्षण संपलं न संपलं तोच सैन्यात गेला आणि पूर्वेकडच्या आघाडीवर पोचला. त्याचं शेवटचं पत्र युद्ध संपायच्या आदल्या वर्षी, जूनमध्ये आलं. सप्टेंबरात सरकारी कागद आला, जुलैपासून बेपत्ता. पुढे काही नाही. प्रेत नाही, कबर नाही, त्याच्याबरोबर असलेला कुणी माणूसही परत आला नाही. आईनं अकरा वर्षं वाट बघितली आणि ती गेली.

आजी पुढे शाळेत शिक्षिका झाल्या, लग्न झालं, मूल झालं. पन्नाशीत एकदा जुन्या बाजारात त्यांना असं एक पुस्तक दिसलं. सहज चाळलं, तर नवव्या पानावर भावाची सही. त्याच्या स्वतःच्या पुस्तकाचा पत्ता नव्हता, पण त्यानं टोचलेली शेकडो माणसं होती आणि प्रत्येकाच्या खिशात त्याची सही होती. त्या दिवसापासून त्या पुस्तकं जमवायला लागल्या. त्या भागात लढलेल्या तुकड्यांची मिळतील तेवढी. पंचवीस वर्षांत चार खोके भरले. त्यांत भावाच्या सहीची पुस्तकं निघाली तीन.

"तीन?" मी विचारलं.

"तीन पुष्कळ झाली," त्या म्हणाल्या.

मग शुक्रवारचा क्रम ठरला. त्यांनी भावाची पत्रं माझ्या हवाली केली, अक्षराचं वळण ओळखीचं व्हावं म्हणून. जुन्या जर्मन वळणाचं अक्षर मला येत नव्हतं. ते त्यांनी मला पाटीवर शिकवावं तसं शिकवलं, टेबलावर बोटानं गिरवून. एक व्यापारी जर्मनीहून नव्या पुस्तकांच्या याद्या पाठवायचा. विकत घेण्याआधी नवव्या पानाचा फॅक्स मागवायचा आणि सही मी तपासायची. फॅक्स यायचा तो ह्यांच्या दुकानात. ह्यांचं पाण्याच्या पंपांचं दुकान होतं. पंपांच्या ऑर्डरींमध्ये गुंडाळी होऊन पडलेले ते कागद हे घरी आणायचे आणि म्हणायचे, "घे, तुझे पेशंट आले."

दिवाळीत मी आजींना फराळाला बोलावलं. त्या लेकीबरोबर आल्या आणि आमच्या दाराशीच थबकल्या. मान तिरकी करून दाराकडे बघत राहिल्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. दारावर मी कुंकवानं स्वस्तिक काढलं होतं, दर वर्षी काढते तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईनं सांगायला लागले की हे आमचं फार जुनं आहे, शुभ असतं. त्या म्हणाल्या, त्यांना ठाऊक आहे, पुस्तकात वाचलंय. मग बोट न लावता त्यांनी चार ठिपक्यांकडे बोट दाखवलं आणि हे कशाला असतात, ते विचारलं. त्या आत आल्या, दोन चकल्या खाल्ल्या, आणि निघताना म्हणाल्या, "तुम्ही पुसू नका. चूक तुमच्या दाराची नाही."

त्या दिवशी धीर करून मी मनातलं विचारलं. भाऊ त्या नाझी लोकांना मानायचा का?

त्या म्हणाल्या, "तो चांगला भाऊ होता. चांगला माणूस होता का, ते मला माहीत नाही. त्यानं टोचलेली माणसं तापानं मेली नाहीत, पुढे गेली. पुढे जाऊन त्यांनी काय केलं, ते या पुस्तकांत लिहीत नाहीत."

दोन वर्षं अशी गेली. किती फॅक्स आले आणि मी किती वेळा नाही म्हटलं, मोजलं नाही. दरवेळी त्या "ठीक" म्हणायच्या आणि कॉफी ओतायच्या.

मग उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी मी दुकानात गेले असताना माझ्यासमोरच मशीनमधून कागद बाहेर यायला लागला. फॅक्स वाईट होता, अर्धं पान काळं. खालच्या कोपऱ्यात शिक्का आणि शिक्क्याखाली सही. आडनाव लागत नव्हतं. पण पहिल्या अक्षराचा फाटा खाली न उतरता डावीकडे वळला होता, आणि शेवटच्या दोन अक्षरांत पेन उचललेलंच नव्हतं. पत्रांत मी ते वळण इतकं पाहिलं होतं की बघताक्षणी ओळखलं. मग तारीख बघितली. विषमज्वर, दुसरी मात्रा, ऑक्टोबर. साल तेच, तो बेपत्ता झाला ते.

ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, हा माणूस ऑक्टोबरातही जिवंत होता.

ह्यांनी शटर ओढलं आणि मला गाडीनं आजींकडे नेलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं आणि मी फॅक्सचा कागद मांडीवर धरून बसले होते. चुकीचं सांगितलं तर? मी स्वतःला तीनदा विचारलं. हॉस्पिटलात अशा सहीवर मी डोळे मिटून डॉक्टरचं नाव लिहिलं असतं.

आजींनी कागद हातात घेतला, डोळ्यांच्या कडेशी नेला, आणि खाली ठेवला. त्यांना काही दिसलं नव्हतं. त्यांनी मला तारीख पुन्हा वाचायला सांगितली. मी वाचली. त्यांनी टेबलावर बोटं एकेक करून टेकवली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर.

"आई नको म्हणत होती, तरी आम्ही सप्टेंबरात त्याचे कपडे वाटून टाकले होते," त्या म्हणाल्या.

मूळ पुस्तक पोस्टानं आलं. आमच्याकडे घरपोच टपाल नसतं, पोस्टातल्या पेटीत चिठ्ठी येते आणि पार्सल काउंटरवर जाऊन घ्यावं लागतं. काउंटरवरच्या स्थानिक अधिकाऱ्यानं ते तपासायला उघडलं. कव्हरवरचा गरुड बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. मी हिंदीत समजावलं, जुन्या लढाईतलं आहे, एका म्हाताऱ्या बाईच्या भावाची यात सही आहे. त्यानं पहिलं पान उलटलं आणि फोटोवर थांबला. गोल चेहऱ्याचा पोरगा होता, एकोणीस वर्षांचा, बेकरीत कामाला असलेला. अधिकाऱ्याचं वयही तेवढंच असेल, फार तर चार वर्षं जास्त. त्यानं विचारलं, हा घरी परत गेला का? मी म्हटलं, माहीत नाही. त्यानं पुस्तक मिटलं, शिक्का मारायचा राहू दिला, आणि दोन्ही हातांनी ते माझ्याकडे दिलं.

पुस्तक हातात आल्यावर सहीबद्दल शंका उरली नाही. आजींनी जर्मनीत युद्धातल्या हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या कचेरीला लिहिलं. सात महिन्यांनी उत्तर आलं. शिक्का एका दुसऱ्याच तुकडीचा होता. मोडलेल्या तुकड्यांतून उरलेली माणसं तिच्यात भरली होती, आणि ती तुकडीही हिवाळ्यात संपली. डॉक्टरबद्दल वेगळी माहिती नाही. त्या चार महिन्यांत त्यानं घरी पत्र लिहिलं की नाही, लिहिलं तर ते कुठे गेलं, हे कुणाला कळणार नव्हतं. त्याचा त्यांना फार त्रास झाला. एका शुक्रवारी त्यांनी दारच उघडलं नाही. लेकीनं बाहेर येऊन सांगितलं, आज नको.

मला वाटलं, संपलं. खलास. पुढच्या शुक्रवारी मी सवयीनं गेले तर टेबलावर चारही खोके मांडलेले होते.

त्या म्हणाल्या की इतकी वर्षं त्यांनी प्रत्येक पुस्तकाचं एकच पान उघडलं. बाकीची माणसं त्यांनी बाजूला सारली, भाऊ नाही म्हणून. आता पहिल्या पानापासून वाचायचं. "मला त्यांची तोंडं दिसणार नाहीत. तुम्ही सांगा."

मग मी सांगत गेले. याचं नाक मोडलेलं आहे. हा फोटोत हसू दाबतोय. याची सही शाळकरी आहे, प्रत्येक अक्षर सुटं. याला दोन मुलं, नातेवाइकांच्या रकान्यात बायकोचं नाव खोडून आईचं घातलंय. हा गवंडी, हा शेतावरचा गडी, हा घड्याळजी. याला रजा मिळाली, चौदा दिवस. परत आल्याची नोंद आहे. याला रजा मिळाली. परत आल्याची नोंद नाही. आजी मान तिरकी करून ऐकायच्या. कधी एखाद्या गावाचं नाव ऐकून म्हणायच्या, तिथे चेरीची झाडं आहेत. काहींबद्दल त्या म्हणायच्या, हा कुठे कुठे गेला ते वाचा, आणि गावांची नावं ऐकून त्यांचा चेहरा दगडासारखा व्हायचा. त्या गावांमध्ये काय झालं होतं, ते त्यांनी वाचलेलं होतं. तरी त्या मला थांबवत नसत. तेही वाचा म्हणायच्या.

एका बैठकीत दोन माणसं व्हायची, फार तर तीन. खोके संपायला दीड वर्ष लागलं. मी घरी येऊन स्वयंपाकाला लागायचे आणि कणीक मळताना कुणाच्या तरी बुटाचा नंबर डोक्यात असायचा. माझी मुलगी विचारायची, "Who was it today?" मी सांगायचे, आज एक माळी होता.

दोन हजार सालानंतर डॉक्टरांची नोकरी संपली आणि त्या आईला घेऊन जर्मनीला परत गेल्या. जायच्या आधी पुस्तकं तिकडच्या एका सरकारी संग्रहाला द्यायचं ठरलं. भावाच्या सहीची चारही आजींनी त्यातच घातली. ठेवून घेतली फक्त पत्रं. मी आणि डॉक्टरांनी मिळून खाकी कव्हरं काढली, कारण संग्रहाला मूळ रूपात हवी होती. आजी खुर्चीत बसून कागद फाटल्याचे आवाज ऐकत होत्या. त्यांनी मला विचारलं, एखादं तुम्हाला हवं आहे का? मी नको म्हटलं. ती एकत्र राहिलेली बरी, असं मला वाटलं, आणि त्यांनाही ते पटलं.

खोके बंद केल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, आणि बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवला. इतकी पानं उलटून ती खरखरीत झाली असतील असं त्यांना वाटलं होतं, म्हणाल्या.