टाचकाकांचं वाचन

टाचकाकांनी कधी माणसाच्या तोंडाकडे आधी बघितलंय, असं मला तरी आठवत नाही. लिफ्टचं दार उघडलं की त्यांची नजर थेट खाली. "काय मनू, उजवी टाच आतून घासतेयस!" हा त्यांचा नमस्कार. मग वर बघून, "बरी आहेस ना?" शारजात अल नहदाला आमच्याच बिल्डिंगमध्ये ते आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहायचे, कारण काकू मिरजेला शाळेत शिकवत होत्या. दर शुक्रवारी जेवायला मात्र आमच्याकडे. त्यांचं खरं आडनाव बाबा सोडून कुणाला माहीत नसावं.

दुबईत एका स्पोर्ट्सच्या दुकानात ते सेल्समन होते आणि इंग्लंडमध्ये बनलेले धावण्याचे बूट हा त्यांचा जीव की प्राण. आम्हा पोरांना हवे असायचे चकचकीत, तळाशी हवेचे फुगे दिसणारे बूट. काकांचे विलायती बूट साधे पांढरे, बाजूला एक निळी पट्टी. "अंकल, दीज आर सो बोअरिंग," मी म्हणायचे. ते अजिबात न चिडता बूट दोन्ही हातांनी वाकवून दाखवायचे. "बघ, बोटांपाशी वाकतो, मधे नाही. टाचेला घट्ट, पुढे ऐसपैस. हा मधला फोम दाब. बसला, आणि परत वर आला! याला म्हणतात स्टाइल." पुढे अंगठाभर जागा सोडायचीच, कारण इथल्या उन्हात पाय संध्याकाळपर्यंत सुजतो, हा त्यांचा नियम. इंग्लंड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. "इंग्रज गेला ते बरंच झालं, पण बूट शिवावा तो त्यानंच," असं म्हणून ते नव्या खोक्यातला बूट आधी नाकाशी न्यायचे.

न बसणारा बूट मात्र ते विकायचे नाहीत. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं, मॅनेजर डोळे वटारतोय, आणि काका मान हलवतायत, "हबीबी, धिस शू, युवर फूट, नो फ्रेंड." अशाने नोकरी कशी टिकली कुणास ठाऊक! पण तीच माणसं पुढच्या वर्षी भावाला घेऊन यायची.

या माणसाची एक खोड आईला सहन व्हायची नाही. दाराबाहेर काढलेले चपला-बूट ते उलटे करून बघायचे. तळ वाचायचे, असं ते म्हणत. वाचून झालं की सुलटे करायचे साफ विसरायचे. आता उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे कुठल्या मराठी बाईला सांगायला हवं का? "भावोजी, आमच्या संसारावर उठलाय का तुम्ही?" म्हणत आई पायाने एकेक चप्पल सरळ करायची.

मी दहावीत होते त्या वर्षी आमच्याकडे गणपतीला पन्नासेक माणसं आली. आरती झाल्यावर कुणीतरी दार उघडलं तर पॅसेजमधले झाडून सगळे जोड उलटे! आणि नेमकं तेव्हाच आत मोदक कमी पडले म्हणून दोन मावश्यांची जुंपली. खापर अर्थातच काकांच्या डोक्यावर फुटलं. एरवी ते हसले असते, पण त्या दिवशी हसले नाहीत. त्यांच्या हातात बाबांचा डावा बूट होता.

प्रसाद द्यायला मी जिन्याकडे गेले तर काका आणि बाबा पायरीवर बसलेले.

"डावा पाय कधीपासून ओढतोयस?"

"कोण म्हणालं?"

"तुझा बूट. पुढचं टोक बघ, किती घासलंय. उजवा शाबूत आहे."

बाबा हळूच म्हणाले, "चार महिने झाले. कंबरेतून कळ येते, पाऊल उचलत नाही. कुठे बोलू नकोस. जबल अलीला गोदामात दिवसभर उभं राहायचं काम. साहेबाला कळलं की नोकरी खलास, व्हिसा खलास. मनूची दहावी आहे."

"आणि पाय खलास झाला तर?" काका म्हणाले.

चार महिने एका घरात राहून मला दिसलं नव्हतं, आईला दिसलं नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी काकांनी रजा टाकली आणि बाबांना अक्षरशः धरून डॉक्टरकडे नेलं. मणक्यात नस दाबली गेली होती. आणखी उशीर झाला असता तर पाऊल कायमचं गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. औषधं, व्यायाम, आणि दोन महिन्यांनी रोज चालणं. चालणं सुरू व्हायचं त्या दिवशी काका बुटांचं खोकं घेऊन हजर. आईने किंमत विचारली आणि कपाळाला हात लावला. "दोनशे चाळीस दिरहम? म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये! तेवढ्यात सगळ्या घराच्या चपला येतील, भावोजी!" काका म्हणाले, "वहिनी, बूट म्हणजे औषध नव्हे. चालायला सोबत हवी, म्हणून."

सोबत ते स्वतःही करायचे. सकाळी बाबा पुढे, काका चार पावलं मागे, नजर टाचांवर. "डावा उचल! यल्ला, उचल! झोपलास काय?" बिल्डिंगचा पठाण वॉचमनही पुढेपुढे "डावा उचल" म्हणायला शिकला. साहेबाला काही कळलं नाही, बाबांची नोकरी राहिली, मी तिथेच दहावी झाले, बारावीही झाले.

मग काकांना साठ वर्षं पूर्ण झाली. कंपनीने व्हिसा वाढवला नाही, आणि मिरजेचं तिकीट हातात आलं. निघण्याआधीच्या शुक्रवारी ते नेहमीसारखे जेवायला आले आणि दारातच थबकले. बाहेर आमचे तिघांचे जोड ओळीने मांडलेले होते. सगळे उलटे.

"हे कुणी केलं?"

"मी," आई म्हणाली. तिने डोळ्यांना पदर लावलेला. "वाचून घ्या. परत कधी येणार तुम्ही?"

काका खाली बसले. माझी उजवी टाच अजून आतूनच घासतेय म्हणून मला ओरडले. आईच्या चपलेला "एकदम पास" म्हणाले. बाबांचे बूट त्यांनी शेवटी उचलले, दोन्ही शेजारी शेजारी धरले आणि अंगठ्याने टोकं चाचपली. एकदा डावं, एकदा उजवं, परत डावं.

"दोन्ही सारखे झिजलेत, वहिनी," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच बूट स्वतःच्या हाताने सुलटे करून ठेवले.